दोन्ही फळ्या उघडा

जुन्या घरांची दुरुस्ती करणाऱ्याला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. भिंत उकरायला घेतली की आधी माती निघते, मग उंदरांची बिळं निघतात आणि तोवर घरातली माणसं बोलायला लागलेली असतात. कुठली खोली कुणाच्या वाटणीची, कुठलं दार कधीपासून बंद, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं गवंड्याला पहिल्याच दिवशी कळतं. आम्ही मजूर सोसायटीतले जुने लोक एकत्र आलो की अजून तेच चालतं. एकानं म्हणायचं, "ते रंगीत काचांचं घर आठवतं का रे?" की झालं, चहा गार! हल्ली भेटणारी तोंडं कमी व्हायला लागली आहेत, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातली. आमचं गाव तेव्हा एस.टी.च्या पाटीवर उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिवच. गावाच्या जुन्या भागात एक गल्ली आहे. दोन्ही अंगांची मिळून तीसेक घरं, सगळी निजामाच्या अमदानीत, आमच्या आजोबांच्या पिढीनं बांधलेली. काळ्या घडीव दगडाचा चौथरा, त्यावर दोन-दोन हात रुंद भिंती, सागवानी खांब, तुळया आणि वर पांढऱ्या मातीचं सपाट माळवद. दार मात्र हत्ती आत जाईल एवढं! त्या मोठ्या दाराच्या पोटातच एक लहान दार, त्याला दिंडी म्हणायचं. रोजचं जाणं-येणं दिंडीतून, वाकून. मोठ्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडायच्या त्या लग्नाला, नाहीतर तिरडी बाहेर काढायला. आणि प्रत्येक घराला मागं बोळात उघडणारं एक दार. ते कुणासाठी, हे सांगायची गरज तेव्हा कुणाला पडत नव्हती.

हाताला काम नाही म्हणून त्या साली चौदा गवंडी-सुतारांनी मिळून मजुरांची सहकारी सोसायटी काढली. मी मूळचा बेंबळीचा, मॅट्रिक झालेला, टेप धरता येत होती, म्हणून सेक्रेटरी. चेअरमन हुसेनमियाँ मिस्त्री, सत्तरीला टेकलेले. गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या वडिलांच्या हातची. आणि दगडाचं काम बघायला लक्ष्मण कांबळे. सहा फूट उंच, बोलायला कमी, हाताला चोख. त्याच्या घरानं छप्पन्न सालानंतर लगेचच धम्म घेतलेला. सभासद होताना त्यानं मला एकच गोष्ट सांगितली.

"सेक्रेटरी, काम काय बी सांगा. फकस्त मागच्या दारानं कुणाच्या घरात जाणार न्हाय. पुढच्या दारानं, सरळ उभ्यानं. तेवढं लिवून घ्या."

मी हसून 'बरं' म्हणालो. लिहून काही घेतलं नाही. ही काय अट झाली, असं वाटलं मला! चौदा घरांची चूल पेटायची की नाही हे पुढं या एका अटीवर येऊन ठेपणार आहे, याची मला काय कल्पना?

* * *

काम कसं मिळालं, तो पहिला किस्सा.

गल्लीतल्या प्रत्येक घरात एक आड, कुणाचा चौकात, कुणाचा परसात. त्या साली सगळे आटले. गल्लीच्या तोंडाशी एक वकीलसाहेब राहत. त्यांनी ठरवलं, सुरुंग लावून आड खोल करायचा. आता सुरुंग लावणार कोण? कुणीतरी म्हणालं, तेरखेड्याला फटाक्यांचे कारखाने आहेत, दारूतलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं? झालं, तेरखेड्याहून एका उस्तादाला आणवलं.

उस्ताद आला, आडाच्या काठावर बसला, आत एक खडा टाकला, आवाज ऐकला.  मग उठून धोतर झटकत म्हणाला, "वकीलसाहेब, आमची दारू वर जाया शिकलीय. खाली जायाचं तिला ठावं न्हाय!"

चहा घेतला आणि आल्या एस.टी.नं परत गेला. शहाणा माणूस!

वकीलसाहेबांनी मग एका खाणीवरचा माणूस धरून आणला. त्यानं बार उडवला. पाणी आलं नाही, भेग आली. आडाच्या काठापासून निघाली, वकिलांच्या स्वयंपाकघरातून शेजारच्या काकूंच्या कोठीत गेली आणि तिथून तिसऱ्या घरात, अप्पांच्या देवघरात जाऊन थांबली. सगळी गल्ली गोळा झाली. काकू भेगेला डोळा लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाणी न्हाय लागलं तर न्हाय. वकिलांच्या घरात काय शिजतंय ते तरी दिसायला लागलं!"

लोक हसले. पण बाकीच्यांनीही तेच करून ठेवलं होतं. महिनाभरात गल्लीतली दहा-बारा घरं तडकली आणि आम्हाला काम मिळालं. दुष्काळानं आमचं काम काढून घेतलं आणि दुष्काळानंच दिलं.

* * *

हुसेनमियाँ भिंतीला हात न लावता घराचं वय सांगत. त्यांच्या हिशेबी गल्लीत तीन तऱ्हेची घरं. पहिली, दरोडेखोरांना भिऊन बांधलेली. रस्त्याकडे एक खिडकी नाही, उजेड येणार तो चौकातून. दुसरी, येडशीला रेल्वे आल्यावरची. सागवान यायला लागलं तशी घरांवर माडी चढली, महिरपी आल्या, कोरलेले कठडे आले. आणि तिसरी, हैदराबाद बघून आलेल्यांची. गोल खांब, चुन्यात काढलेले पोपट, खिडक्यांना लाल-निळ्या काचा.

त्या रंगीत काचांच्या घरी आम्ही भेग बघायला गेलो. मालक तासभर काचांचंच सांगत होते. आजोबांनी त्या कशा कापसात गुंडाळून आणल्या, गाडीवानानं रात्रंदिवस मांडीवर कशा धरल्या. आम्ही दर्शनी भिंत तपासली, मग मागं गेलो. मागची सगळी भिंत कच्च्या मातीची! पुढचा थाट तेवढा दगड-चुन्याचा.

हुसेनमियाँ म्हणाले, "वा! सामने हैदराबाद, पिछू बेंबळी!"

मी बेंबळीचा. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मिस्त्री, आमच्या गावाला नावं ठेवू नका."

"नाम कौन रखता?" त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं. "देख ले. हैदराबाद फटी. बेंबळी फटीच नहीं!"

खरंच, मातीच्या भिंतीला एक तडा नव्हता. मी तो दिवसभर टेप घेऊन जरा ताठच चाललो.

* * *

लक्ष्मणच्या अटीची पहिली वेळ आली निवृत्त हेडमास्तरांच्या घरी.

हेडमास्तर सज्जन. दिंडीत उभं राहून मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझं काही नाही हो. पण घरात सोवळं-ओवळं आहे, म्हातारी माणसं आहेत. त्या कांबळ्याला तेवढं बोळातून येऊ द्या."

लक्ष्मणनं ते ऐकलं.  समोरच्या घराच्या ओट्यापाशी जाऊन बसला, एक दगड पुढं ओढला आणि छन्नी घेऊन घडवायला लागला. टक्, टक्, टक्. आम्ही बाकीचे आत कामाला. दगडी काम त्याचं, त्यामुळं तासाभरात आम्हीही हात बांधून बसलो. बाहेर टक् टक् चालूच. शाळेत निघालेली पोरं थांबली, बाया थांबल्या, पोस्टमन थांबला.

शेवटी हुसेनमियाँ हेडमास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. "मास्तर, दिवार सामने की फटी. आदमी पिछू से कायकू आना?"

 हेडमास्तरांनी जन्मभर भूमिती शिकवलेली, एवढी सिद्धता पुरली! आत जाऊन कुणाशी तरी बोलले आणि बाहेर येऊन लक्ष्मणला म्हणाले, "ये बाबा."

संध्याकाळी आम्ही अवजारं आवरत होतो तेव्हा ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "एवढं सोपं होतं." 

* * *

वकीलसाहेबांनी सोवळ्याचं काढलं नाही. कायदा जाणणारा माणूस! पुढच्या दारानं या म्हणाले. दिंडी उघडून ठेवली. पण लक्ष्मण दिंडीसमोर येऊन थांबला. हेडमास्तरांकडे दिंडीतून वाकून गेला होता, इथं वाकेना.

"दोनी फळ्या उघडा."

"अरे, दिंडीतून आम्ही सगळेच वाकून जातो," वकील म्हणाले. "कलेक्टर आले होते, तेही वाकले."

"कलेक्टर वाकून आत गेला," लक्ष्मण म्हणाला. "माझा बाप वाकून भाईरच ऱ्हायला."

 वकील तरीही फळ्या उघडेनात. शुभ-अशुभ असल्याशिवाय उघडत नाहीत म्हणाले. लक्ष्मणनंही वाद घातला नाही. गाडीतला सगळ्यात लांब दगड काढला, आडवा खांद्यावर घेतला आणि पुन्हा दारात.

"आता तरी उघडा. म्या वाकंन एक येळ. दगड वाकत न्हाय, वकीलसाहेब!"

दोन नोकरांनी जोर लावून फळ्या उघडल्या. बिजागऱ्या अशा किंचाळल्या की गल्लीतल्या लोकांना वाटलं वकिलांकडे कुणी गेलं! चार जण तर डोक्याला पंचा गुंडाळून आलेही. लक्ष्मण दगड घेऊन मधोमध सरळ आत गेला.

तेव्हापासून रोज सकाळी गाडी भरताना तो सगळ्यात लांब दगड आधी हुडकायचा. कामाला लागो न लागो. आम्ही त्या दगडाला लक्ष्मणचा पास म्हणायला लागलो. सात घरं त्या पासावर झाली.

* * *

मध्यंतरी टँकर सुरू झाले. टँकर गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि खालून रांग लावली तर शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचायचं नाही. पण या गल्लीची माळवदं एकमेकांना लागून. बायांनी युक्ती काढली. माळवदांवरून पळत यायचं, वकिलांच्या जिन्यानं उतरायचं आणि भरलेल्या घागरी घेऊन त्याच वाटेनं परत!

एकदा तीसेक बाया डोक्यावर पाणी घेऊन वर, आणि खाली तुळई कुरकुरताना हुसेनमियाँनी ऐकली. म्हातारा चौकात उभं राहून ओरडायला लागला, "एक-एक चलो! अगं, साठ वर्सं या माळवदानं पाणी खाली येऊ दिलं न्हाय, आन् तुमी पाणी घेऊन वर चढता!"

बाया घाबरून जागच्या जागी थांबल्या. लक्ष्मण वर गेला आणि एकेकीला भिंतीच्या रेषेवरून, जिथं आधार आहे तिथून, हात दाखवत पलीकडं नेलं. काकूंची घागर त्यानं स्वतः उचलली. काकूंनी ती घेतली, घरात नेली, स्वयंपाकाला वापरली. मी बघत होतो.

खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, "वरनं बघितलं तर कुठलं घर कुणाचं, कायच कळत न्हाय. मागचं दार तर दिसतच न्हाय."

* * *

आता जो सांगणार आहे तो किस्सा मी चहाच्या वेळी सांगत नाही. दुसरे सांगायला लागले तर उठून जातो. पण लिहायचंच ठरवलं तर तो गाळता येणार नाही.

गल्लीतलं सगळ्यात मोठं घर अप्पांचं. वीरभद्राप्पा त्यांचं नाव, करडईच्या तेलाचे व्यापारी, घरात कानडी, दारात मराठी. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. त्या दुष्काळात त्यांनी दुसऱ्यांच्या जनावरांना फुकट पेंड वाटली. त्यांच्या देवघराची भिंत वकिलांच्या सुरुंगानं तडकलेली, आणि त्याच भिंतीवर अर्ध्या घराच्या तुळया. घरात अकरा माणसं. काम मोठं, उन्हाळाभर पुरेल एवढं. दुसरीकडची कामं संपत आली होती. हे गेलं असतं तर आम्ही सगळे खडी फोडायला.

अप्पा म्हणाले, "बाकीच्यांनी पुढून या. कांबळे मागून. देवघराचं काम आहे, सेक्रेटरी. तिथं माझं काही चालत नाही."

मी लक्ष्मणकडं गेलो. म्हटलं, "या एका घरापुरतं. चौदा घरांचा प्रश्न आहे रे."

तो शांतपणे म्हणाला, "ठराव करा. सह्या घ्या. मग जातो."

लिंबाखाली सभा भरली. आणि मी, माझ्या ह्या हातानं, वळणदार अक्षरात ठराव लिहिला. 'श्री. लक्ष्मण धोंडिबा कांबळे यांनी सदर कामापुरती मागील दाराने ये-जा करावी असे सर्वानुमते ठरले.' वाचूनही दाखवला.

"सूचक कोन?" लक्ष्मणनं विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"अनुमोदक?"

कुणी मान वर केली नाही.

"आन् सर्वानुमते म्हंजे, त्यात म्या बी आलो का?"

मी रजिस्टर घाईघाईनं हुसेनमियाँपुढं केलं. चेअरमनची सही पहिली. त्यांनी पानाकडं बघितलं, खिसे चाचपले आणि म्हणाले, "चष्मा घर पे रह गया."

चष्मा त्यांच्या नाकावर होता! कुणी हसलं नाही. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि सभा संपली.

पुढच्या सोमवारी आम्ही चौदाही जण दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. सुतारांच्या हाताला फोड आले. लक्ष्मण आमच्या तिप्पट खडी फोडायचा आणि माप घ्यायला मुकादम येण्याआधी आपल्या ढिगातली खडी पायानं शेजारच्यांच्या ढिगात ढकलून द्यायचा. माझ्याही ढिगात ढकलायचा. ती ठरावाची शरम अजून माझ्या अंगावर आहे. कुणी मला कधी बोललं नाही, म्हणून जास्त.

* * *

अप्पांनी बाहेरगावचे गवंडी आणले. त्यांनी भेगेवर सिमेंटचा जाड थर दिला. महिनाभर भिंत नव्यासारखी दिसली. मग तिला पोट आलं. अप्पांनी हुसेनमियाँना नुसतं बघायला बोलावलं. मिस्त्री म्हणाले, "अप्पा, दिवार को कोट पैनाया. पेट किधर जाता?"

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. भिंत म्हणजे दगडाच्या दोन पडद्या, मध्ये मातीचा भराव. दोन पडद्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून मधूनमधून आरपार लांब दगड घातलेले असतात. भिंत उघडायची तर ते दगड सोडून उघडायची. चुकीच्या जागी घाव बसला तर तुळया खाली. आणि वरून चुन्याचा गिलावा, ते दगड कुठं आहेत दिसत नाही.

"मेरे बाप को मालूम था. वो गए," हुसेनमियाँ म्हणाले. "दूसरा धोंडिबा. उसने हाथ से बिठाए."

धोंडिबा म्हणजे लक्ष्मणचा बाप.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अप्पा छत्री घेऊन खडीच्या कामावर आले. शेकडो माणसांतून वाट काढत लक्ष्मणपुढं उभे राहिले. "पुढच्या दारानं ये," म्हणाले.

"दोनी फळ्या?"

"दोन्ही."

"पर म्या येऊन भागत न्हाय, अप्पा. भिंत माझ्या बापाला ठावी हाय. त्येला इचारा."

अप्पा जन्मात पहिल्यांदा लक्ष्मणच्या वस्तीत गेले. मी बरोबर होतो. धोंडिबा बाजेवर बसलेला, ऐंशीच्या घरातला, दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले. अप्पांनी सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता.

"देवघराची का? मावळतीची?"

"होय."

"आजून हुबी हाय?"

"आहे. पण पोट आलंय."

"मग बसलाय काय? चला की!"

लक्ष्मणचा आवाज चढला. मी त्याला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आबा, त्या दारातनं किती येळा हाकललं तुमाला! इसरला?"

म्हातारा बाजेखाली पायानं वहाणा शोधत होता. "न्हाय इसरलो. म्हून काय भिंतीवर राग काढू व्हय?"

* * *

त्या दिवशी अप्पा दारापाशी जाऊन आत कानडीत ओरडले, "बागला तगी!" म्हणजे दार उघड. कुणी यायच्या आधी स्वतःच खांदा लावून दोन्ही फळ्या उघडल्या. लक्ष्मण बापाचा हात धरून सरळ आत आला. त्याच्या खांद्यावर त्या दिवशी दगड नव्हता. आत येताच म्हाताऱ्यानं हात सोडवून घेतला.

"सोड. मला म्हाईत हाय."

वहाणा काढल्या. दारातली बसायची जागा ओलांडली, पावलं मोजत चौकात आला, आडाला वळसा घातला, दोन पायऱ्या न अडखळता चढला आणि देवघराच्या उंबऱ्याशी थांबला. पायानं उंबरा चाचपला. तो त्याच्या वेळेनंतर बसवलेला असावा. मग आत गेला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. 

"आमी हितंच भाकर खायाचो," धोंडिबा म्हणाला. "वर माळवद नव्हतं. दुपारची सावली फकस्त ह्या भिंतीची. अप्पा, तुमची आई हितं आणून द्यायची, हातात. कोरड्यास बी द्यायची. घरभरणी झाली, देव आले. मग बोळातनं, वरनं टाकायला लागली."

 

म्हातारा उठला. गिलाव्यावरून तळवे फिरवायला लागला. बोटाच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा, पुढं सरकायचा. "हितं एक. कमरंएवढ्यावर. आता दोन हात डावीकडं." हुसेनमियाँ गेरूनं खुणा करत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. पाच खुणा झाल्या. पाचही दगड पुढं तिथंच निघाले.

"हितनं उघडा," धोंडिबा म्हणाला. "पर आदी देव उचला. धूळ उडंल, दगड पडतील."

अप्पांनी अंघोळ करून सगळे देव चांदीच्या तबकात घेतले आणि बाहेर आले. स्वयंपाकघरात टेकूंची लाकडं. चौकभर दगड-माती. माडीवर सगळं सामान कोंबलेलं. दारातल्या बैठकीत आमची अवजारं. अप्पा तबक घेऊन इकडं वळले, तिकडं वळले आणि उभे राहिले. तबक जड होतं.

धोंडिबा पायरीवर येऊन बसला होता. "कोन उभं हाय?" त्यानं विचारलं.

"मी."

"हातात काय हाय?"

"देव."

"ठिवा की मग."

"जागा बघतोय."

म्हाताऱ्यानं मांडी घातली, धोतराचा घोळ सारखा केला आणि दोन्ही हात पुढं केले. "द्या हिकडं."

"आबा!" आतून लक्ष्मण म्हणाला. त्याच्या हातातली छन्नी तशीच राहिली. आम्ही सगळेच थांबलो.

"गप रं," म्हातारा म्हणाला. मग अप्पांच्या दिशेनं तोंड वर केलं. "म्या त्यांला मानत न्हाय, अप्पा. आदीच सांगून ठिवतो. पर पडू द्यायचो न्हाय."

अप्पांनी एकदा देवघराकडं बघितलं, एकदा म्हाताऱ्याच्या हातांकडं. मग ते पायरीवर त्याच्या शेजारी बसले आणि तबक त्याच्या मांडीवर ठेवलं.

धोंडिबानं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला.

"हां," तो म्हणाला. "घाल आता घाव, लक्ष्मणा."